रिकाम्या पोटी

तिचा तळहात चिकट होता. प्रीतमने तो नेहमीसारखा आपल्या दोन्ही हातांत घेतला होता, आणि सोडताना त्याच्या बोटांना जाणवले की हा हात सुटायला किंचित वेळ घेतो आहे. एरवी त्याने तिकडे लक्षही दिले नसते. पण ज्या माणसाचा सगळा दिवस बोटांच्या टोकांवर चालतो, त्याची बोटे त्याला न विचारताच गोष्टी टिपून ठेवतात. अलिबागच्या रुग्णालयात, शस्त्रक्रियागृहाबाहेरच्या अरुंद खोलीत सकाळचा उजेड वरच्या झडपेतून तिरपा उतरत होता, पलीकडच्या नागावच्या वाड्यांतून नारळाच्या ओल्या सोडणांचा वास येत होता, आणि ट्रॉलीवर हिरव्या चादरीखाली पडलेली रुचिता छताकडे पाहत होती. ती बोर्ली पंचतनहून आली होती. तिच्या पित्ताशयात खडे होते, आणि वर्षभर पोटात उठणाऱ्या कळांनी तिच्या चेहऱ्यावर एक सावध भाव कायमचा येऊन बसला होता. आता हसलो तर कळ येईल का, असा काहीसा. थोड्या वेळाने तिला भूल देणार होते. मग तिच्या पोटावर चार लहान छिद्रे पाडून दुर्बिणीने ते पित्ताशय काढणार होते, आणि त्या वेळी डॉक्टरांच्या उजव्या हाताशी उभे राहून एकेक हत्यार त्यांच्या हातात ठेवण्याचे काम पहिल्यांदाच प्रीतमकडे आले होते.

आत जाणाऱ्या प्रत्येकाचा हात असा धरायचा, हे त्याला कुणी शिकवले नव्हते. कामाच्या नियमांत ते कुठे नव्हते. पण एकदा हात धुऊन, गाऊन चढवून, हातमोजे घातले की मग त्याला रुग्णाला माणसासारखा स्पर्श करता येत नसे. मग उरत ते फक्त हिरव्या कापडातून दिसणारे एक चौकोनी पोट. म्हणून धुण्याआधी तो बाहेर येई, नाव विचारी, कशाचे ऑपरेशन आहे ते त्यांच्याच तोंडून वदवून घेई, शेवटचे कधी खाल्ले ते विचारी. ट्रॉली ढकलणारे कोंडाजीमामा त्याची यावरून रोज थट्टा करत. आजही दाराशी उभे राहून ते म्हणाले होते, "काय ब्रदर, आलाव हात मागाया? रोज एक मागताव, जमत मातर एक पन न्हाय." रुचिता तेवढ्यापुरती हसली होती, आणि लगेच सावध झाली होती.

"शेवटचं कधी खाल्लंत?" त्याने विचारले होते.

"काल दिवेलागणीला. पेज. मग पाणी पण नाही."

उत्तर बरोबर होते. वॉर्डमधून आलेल्या कागदावरही तेच होते. प्रीतमने मान हलवली, हात सोडला, आणि तेव्हा तो चिकटपणा त्याच्या तळहातावर मागे राहिला.

घाम असेल, असे त्याला वाटले. खारट, वाळत आलेला घाम. हा चिकटपणा त्याच्या ओळखीचा होता. त्याचा बाप पेणच्या खाडीकडे मिठागरावर राबला होता, आणि संध्याकाळी तो घरी येई तेव्हा त्याचे हात असेच लागत. कितीही धुतले तरी भेगांतून मीठ निघत राही, आणि तो प्रीतमच्या गालावरून हात फिरवी तेव्हा गालावर काहीतरी ताणले गेल्यासारखे वाटे. लहानपणी प्रीतमला वाटायचे की मोठ्या माणसांचे हात असेच असतात, चव असलेले. आता मिठागरे बुजली होती, त्यांच्यावर गोदामे उभी राहिली होती, भावकीतले सगळे ट्रक घेऊन मोकळे झाले होते. आणि तो एकटा या व्यवसायात आला होता, ज्याचे नाव घरी उच्चारायलाही बापाला लाज वाटली होती. "नर्स? पोरगा आन् नर्स?" बाप तेव्हा ओट्यावरून म्हणाला होता, आणि आई आतून म्हणाली होती, "मानसाला हात लावाचा काम हाय त्या. त्यान बाई काय न् बाप्या काय?" तिच्या त्या वाक्याने सगळे ठरले. मुलाखतीला निघाला त्या दिवशी आईने उंबऱ्याशी थांबवून त्याच्या तळहातावर दही-साखर ठेवली होती. त्याने ती घाईने चाटली, आणि थांब्यावर येईपर्यंत हात बॅगेच्या पट्ट्याला पुसत राहिला, तरी तो चिकटपणा...

प्रीतमने खाली पाहिले. आपल्या हाताकडे नव्हे, तिच्या. अंगठ्याच्या मुळाशी, जिथे तळहाताची रेघ वळते, तिथे न विरघळलेले दोन-तीन कण तिरप्या उजेडात चमकत होते. आणि आता, ते पाहिल्यावरच, त्याला तो आंबूस वास आला.

"ताई," तो अगदी हळू म्हणाला, "दही दिलं का कुणी?"

तिने मूठ मिटली. एवढ्यानेच सगळे सांगून झाले होते. पण ती बोलली, कारण गप्प राहणे तिला अधिक जड गेले असावे. "आईंनी. सासूबाईंनी. इथं दाराशीच, आत आणायच्या आधी. ते काय खाणं नाही हो दादा, शकुनाचं असतं ते. नुसतं चाटलं."

"चाटलंत तेवढंच?"

ती छताकडे पाहू लागली. मग म्हणाली, "वाटीत उरलं ते टाकायचं नसतं. उष्टं मागं ठेवून नाही जात. संपवलं."

कोंडाजीमामा दाराबाहेर कुणाशी तरी बोलत होते. रुचिताने त्यांच्याकडे एकवार पाहिले आणि प्रीतमची बाही धरली. तिचा आवाज आता वेगळा झाला. घाईघाईचा, खालच्या पट्टीतला. सासऱ्यांना छातीत दुखू लागले तेव्हा जीपमध्ये घालून दिघीच्या धक्क्यावर नेले, बोटीतून पलीकडे आगरदांड्याला उतरेपर्यंत ते गेले होते. त्या गडबडीत आईंनी त्यांच्या हातावर काही ठेवले नव्हते. तेव्हापासून घरातले कुणीही मोठ्या कामाला त्याशिवाय बाहेर पडले नाही. हे विरजण त्यांनी घरून डबीत आणले होते, काल कँटीनमधून दूध घेऊन वॉर्डमध्येच खाटेखाली लावले होते, वर स्वतःची शाल गुंडाळून ठेवली होती. "त्यांना वाईट नको वाटायला म्हणून घेतलं मी. मला ठाऊक होतं. त्यांना नाही ठाऊक. तुम्ही सांगितलंत तर हे त्यांना फाडून खातील. माझ्या ह्यांचा राग तुम्हाला माहीत नाही. बंदरावर ट्रेलर चालवतात ते, मालकाकडून मोठ्या मिनतवारीनं सुट्टी घेतलीय, आता परत नाही मिळायची. आणि मी आता नाही सोसू शकत त्या कळा. सांगू नका. तुम्हाला तुमच्या आईची शप्पत."

त्याने बाही सोडवून घेतली, तीही हलकेच, आणि तो आतल्या दाराकडे वळला. त्या दारातून डावीकडे गेले की भूलतज्ज्ञ भाविका मॅडम आपल्या यंत्राशी बसलेल्या असत; उजवीकडे हात धुण्याची जागा होती. पुढे अनेकदा आठवूनही त्याला सांगता आले नसते की त्याने ठरवले केव्हा. पाय उजवीकडे गेले होते. त्याने कोपराने नळ उघडला होता. पाणी बोटांवर पडले, मनगटावरून खाली कोपराकडे ओघळले, साबणाचा फेस आला, आणि त्या फेसाबरोबर तो चिकटपणा, ते दोन-तीन कण, बोर्लीहून खाडी ओलांडून आलेले ते विरजण, सगळे पन्हाळीत उतरून दिसेनासे झाले.

हात धुण्याच्या त्या जागेवर प्रीतमला नेहमी शांत वाटे. तिथे कुणी बोलत नाही, तिथे माणूस स्वतःला थोडाथोडा काढून ठेवत जातो. नखे, बोटांमधल्या फटी, तळहात, मनगट. प्रत्येक भाग वेगळा, जणू तो कुणा दुसऱ्याचा आहे आणि आपल्याकडे सांभाळायला दिला आहे. नूतन सिस्टरांनी त्याला हे शिकवले होते. पहिल्या महिन्यात त्या त्याच्यामागे उभ्या राहत आणि नुसते म्हणत, "पुन्हा." का ते सांगत नसत. तो पुन्हा धुई. हळूहळू त्याचे त्यालाच कळू लागले की कुठे घाई झाली. त्यांनीच त्याला कैच्या, चिमटे, सुईधारक यांची भाषा दिली. डॉक्टरांनी हात पुढे केला की मागण्याआधीच ते ओळखायचे, आणि असे द्यायचे की त्यांना नजर काढावी लागू नये. या कामात जो सर्वांत चांगला, तो सर्वांत कमी बोलतो, असे त्या म्हणत, आणि प्रीतमला ते ऐकून मनातून फार बरे वाटले होते. आयुष्यभर ज्याला चारचौघांत तोंड उघडायचे म्हटले की जिभेला गाठ बसे, वर्गात हजेरी देतानाही ज्याचा आवाज मास्तरांपर्यंत पोहोचत नसे, त्याला जगात एक जागा अशी सापडली होती की जिथे त्याचे मुकेपण हाच गुण होता. डॉ. कर्णिक मुंबईहून पंधरवड्यातून एकदा येत. दुर्बिणीच्या ऑपरेशनला आजवर ते आपली माणसे बरोबर आणत. या वेळी नूतन सिस्टरांनी त्यांना सांगितले होते, आमचा मुलगा बघा, मग ठरवा. महिनाभर तो त्या लांब, नाजूक हत्यारांशी रिकाम्या थिएटरमध्ये एकटा सराव करत होता. रात्री झोपेत त्याची बोटे हलत, असे त्याचा खोलीतला सोबती सांगे.

वाटीभर दही. तो मनाशी म्हणाला. वाटी तरी केवढी असेल? घरून आणलेल्या वाट्या लहान असतात, पूजेच्या. आणि दही, ते तर पोटात शिरताच... काय होते दह्याचे पोटात शिरल्यावर? तो शिकला होता ते सगळे त्याला पाठ होते. भूल दिली की शरीर आपली राखण सोडून देते. घशाशी एक लहानसा पहारेकरी असतो, जो जागेपणी आणि झोपेतसुद्धा अन्नाची वाट आणि श्वासाची वाट वेगळी ठेवतो. तोही झोपी जातो. मग पोटातले वर येऊ शकते आणि फुप्फुसात उतरू शकते. बहुतेकदा उतरत नाही. बहुतेकदा काहीच होत नाही. मुंबईच्या ज्या मोठ्या रुग्णालयात तो शिकला, तिथे एकदा एका म्हाताऱ्याने पहाटे शेजारच्या खाटेवरचा चहा घेतला होता, त्यात बिस्किटे बुडवून. प्रीतम तेव्हा भिंतीशी उभा राहून नुसता पाहत होता, विद्यार्थी होता. त्याला त्या म्हाताऱ्याचा चेहरा आठवत नसे. ओठांचा रंग आठवे. जांभळा नव्हे, त्याच्याही पलीकडचा, पाटीवरची पेन्सिल ओल्या फडक्याने पुसल्यावर उरतो तसा. आणि नळीतून काहीतरी खेचले जाण्याचा आवाज, आणि त्या आवाजातही कुणीतरी शांतपणे आकडे सांगत होते. म्हातारा आठवडाभर जगला. त्याची बायको रोज बाहेरच्या बाकावर बसलेली दिसे, मांडीवर चहाचा थर्मास.

पण बहुतेकदा काहीच होत नाही. प्रीतम बोटांमधल्या फटी पुन्हा घासू लागला. समजा, काहीच झाले नाही. ती बाई तासाभरात बाहेर येईल, संध्याकाळी पाणी पिईल, चार दिवसांत घरी जाईल, तिचा तो सावध भाव हळूहळू पुसला जाईल. सासूबाई आयुष्यभर सांगतील की दही-साखर दिली म्हणून पोर सुखरूप आली. कुणाला कळणार नाही. आणि समजा त्याने सांगितले, तर काय होईल? तर ऑपरेशन होणार नाही, आणि काही वाईट घडणारच नाही. आणि जे घडलेच नाही ते घडले असते, हे तो कुणाला, कसे पटवून देणार? या व्यवसायाचे सगळे यश असेच असते, पाठीमागे काहीही न उरणारे. ज्या दिवशी सगळे नीट होते त्या दिवशी परिचारकाने काही केले असे कुणालाच वाटत नाही. त्याला एकाएकी फार थकल्यासारखे झाले. पाणी थंड होते. काचेपलीकडे ट्रॉली आत गेलेली त्याने पाहिली. तिचे पाय चादरीबाहेर आले होते, आणि अंगठ्याशेजारच्या बोटांतली जोडवी काढल्यामुळे तिथे दोन फिकट वर्तुळे दिसत होती.

तो हात वर धरून आत शिरला, पाणी कोपरांवरून ठिबकत होते. गाऊन चढवला, मागून नूतन सिस्टरांनी बंद बांधले. हातमोजे. आता त्याचे हात स्वच्छ होते, इतके स्वच्छ की जगातल्या कुठल्याही साध्या वस्तूला लावण्याजोगे राहिले नव्हते. छातीसमोर दोन्ही हात धरून तो हत्यारांच्या मेजाशी उभा राहिला. लांब नळीसारखी ती हत्यारे त्यानेच लावलेल्या ओळीत पडली होती, आणि त्यांच्याकडे पाहून त्याला क्षणभर खरोखरच आनंद झाला; मग त्या आनंदाची त्याला शिसारी आली. डॉ. कर्णिक कोपऱ्यात उभे राहून पडद्यावर कुणाचे तरी जुने चित्र पाहत होते आणि गुणगुणत होते. "काय रे, तयार का?" त्यांनी न वळताच विचारले. "मला दुपारची मांडव्याची बोट गाठायचीय. तुझे हात चांगले आहेत असं ऐकलंय."

भाविका मॅडम रुचिताच्या डोक्याशी वाकल्या होत्या. त्या मूळच्या गुजराती, पण जन्म अलिबागेतला. प्रत्येक रुग्णाशी त्या बहिणीसारख्या बोलत. "घाबरायचं नाही हं. काही खाल्लं-प्यायलं नाही ना सकाळपासून?"

"नाही मॅडम."

आवाज स्थिर होता. प्रीतमला त्या स्थिरपणाची भीती वाटली. रुचिताने मान किंचित वळवली होती, आणि मास्कच्या वर त्याचे डोळे तिला सापडले होते. विनवणी नव्हती त्या नजरेत आता, विश्वास होता. आपल्या माणसाकडे पाहावे तसे ती पाहत होती.

"मॅडम," तो म्हणाला.

कुणालाच ऐकू गेले नाही. यंत्राची टिकटिक चालू होती, थंड हवेच्या झोताची घरघर चालू होती, कर्णिक गुणगुणत होते, आणि त्याचा आवाज मास्कच्या कापडातच विरला. भाविका मॅडमनी पारदर्शक मुखवटा हातात घेतला. एरवी अशा वेळी तो पुढे होऊन कुणाच्या तरी बाहीला हात लावू शकला असता, मेजावर टकटक करू शकला असता. पण हे हात आता कशालाच लागणार नव्हते. आयुष्यात त्याच्यासाठी नेहमी बोलत आलेले दोन हात छातीसमोर निमूट उभे होते, आणि उरला होता फक्त घसा, जो त्याने कधीच नीट वापरला नव्हता.

"मॅडम, थांबा! भूल देऊ नका!"

तो ओरडला होता. गुणगुणणे थांबले. सगळ्या मास्कवरचे सगळे डोळे त्याच्याकडे वळले, आणि त्याला लहानपणी वर्गात वाटे तसेच वाटले, की आता आपण पेट घेणार. "पेशंटनं दही खाल्लंय," तो म्हणाला. "वाटीभर. आत यायच्या आधी. आत्ताच."

भाविका मॅडमनी मुखवटा खाली ठेवला. रुचिताकडे वळून, अगदी मऊपणे त्यांनी विचारले, "खरं का गं?" रुचिताने डोळे मिटून घेतले, आणि मिटल्या पापण्यांतून पाणी कानाकडे ओघळले. तेवढे पुरेसे होते.

"सहा तास तरी थांबावं लागेल," मॅडम म्हणाल्या. "सर, आज नाही होणार हे."

डॉ. कर्णिक संतापले नाहीत. ते संतापले असते तर बरे झाले असते, असे प्रीतमला पुढे वाटत राहिले. ते सावकाश त्याच्याजवळ आले. त्याच्या धुतलेल्या, मोजे चढवलेल्या, वर धरलेल्या हातांकडे पाहिले. "तुला कधी कळलं हे?"

"बाहेर. त्यांना भेटायला गेलो तेव्हा."

"धुण्याच्या आधी?"

"हो सर."

"मग हात कशाला धुतलेस?"

त्यात उपहास नव्हता. त्यांना खरोखरच जाणून घ्यायचे होते. आणि प्रीतमजवळ उत्तर नव्हते. नव्हते कसे? होते. पण ते त्या उजळ दिव्यांखाली उच्चारण्यासारखे नव्हते. तो गप्प राहिला, आणि त्या क्षणी त्याच्या गप्प राहण्यात कसलाही गुण नव्हता. कर्णिकांनी मान हलवली, जणू त्यांना जे समजायचे ते समजले. "सांगितलंस, ते बरं केलंस," ते म्हणाले. "पण मला माझ्या बाजूला असा माणूस लागतो, जो असलं आधी सांगतो. पुढच्या खेपेला मी माझी सिस्टर आणीन." मग ते नूतन सिस्टरांकडे वळले, "हर्नियावाल्या आजोबांना घ्या आत."

आजोबांचे ऑपरेशन जुन्या पद्धतीचे, ओळखीचे होते. प्रीतमचे हात आपोआप चालले. चिमटा, कात्री, दोरा. एकही हत्यार चुकले नाही. लांब नळीसारखी ती हत्यारे नूतन सिस्टरांनी एका कापडात गुंडाळून उचलून नेली. टाके घालून होत आले तेव्हा त्या त्याच्या कानाशी येऊन म्हणाल्या, "दुपारी वॉर्डात जा. त्या माणसांनी हे तुझ्याकडनं ऐकायला हवं. मी नाही जाणार तुझ्या वतीनं."

वॉर्डच्या दाराशीच त्याला आवाज ऐकू आला. रुचिताचा नवरा परेश खाटेच्या पायथ्याशी उभा होता, दणकट, उन्हाने रापलेला, आणि त्याच्यासमोर भिंतीला टेकून त्याची आई जनी जमिनीवर बसली होती. तिच्या पुढ्यात ती वाटी होती. कुणीतरी पुरावा म्हणून ठेवावी तशी.

"अक्कल हाय का तुला?" परेश म्हणत होता. "इतकी मानसा सांगतान्, पोटात काय नको, काय नको. तुला दह्याचा पुळका! बाबा गेला तो दह्याशिवाय गेला व्हय? बाबा हार्टनी गेला! आता मालकाला काय सांगू मी? आईनं शकुन केला म्हनून परत सुट्टी द्या?"

"माजा चुकला रं," जनी म्हणत होती. तिचा आवाज इतका बारीक होता की वाक्य संपण्याआधीच संपे. "मी म्हनला, पोर परक्या घरात जाते, रिकाम्या हातानं कशी धाडू? त्यात खाना कसला रं... माजा चुकला."

रुचिता भिंतीकडे तोंड करून पडली होती. वॉर्डमधल्या बाकीच्या खाटा अगदी गप्प होत्या; अशा वेळी लोक फार लक्षपूर्वक गप्प होतात. प्रीतम उंबऱ्यात उभा राहिला. काल संध्याकाळी तो याच जागी उभा होता. पाणी नको, चहा नको, बिस्कीट नको, तंबाखू नको, असे त्याने या तिघांना नीट, सावकाश सांगितले होते, आणि जनीने प्रत्येक शब्दाला मान हलवली होती. दह्याचे त्याच्या मनातही आले नव्हते. डॉ. कर्णिकांना हे सुचण्याचे कारण नव्हते. भाविका मॅडमनाही कदाचित नाही. पण तो? ज्याच्या स्वतःच्या तळहातावर आईने दही ठेवले होते, त्याला ठाऊक नव्हते का की या घरांतून कुणी कसे निघते? त्याने रुग्णालयाची भाषा इतकी चांगली आत्मसात केली होती की तिच्यात जे शब्द नाहीत ते त्याला दिसेनासे झाले होते.

"परेशदादा," तो म्हणाला. या वेळी आवाज पहिल्याच खेपेला पोहोचला. "आईंना बोलू नका. चूक माझी आहे."

परेश वळला. "तू कोन?"

"काल तुम्हाला सांगायला आलो होतो तो. थिएटरमधला. शकुनाचं दहीही नको, हे मी सांगायला हवं होतं. मी नाही सांगितलं. आमच्याही घरी देतात. त्यांना ते खाणं वाटलं नाही, यात त्यांचा काय दोष?"

"म्हंजे तुमच्या चुकीनं आमचा दिवस गेला?"

"हो."

"आन् मी लिहून दिला वर, तक्रार म्हनून? तुझ्या नावानं?"

"द्या. माझं नाव प्रीतम."

परेशला आता काय करावे ते कळेना. त्याचा राग एवढ्या सहज वाट देणाऱ्या माणसासाठी तयार नव्हता. तो खिडकीशी गेला, मोबाइल काढला, पुन्हा खिशात घातला. "मालकाशी बोलून येतो," असे कुणालाच उद्देशून न म्हणता तो बाहेर गेला. त्याची तक्रार खरोखरच पुढे वर गेली, आणि तिचे उत्तर प्रीतमला द्यावे लागले. पण ती नंतरची गोष्ट. त्या दुपारी तो फक्त उंबऱ्यात उभा होता, आणि जनी त्याच्याकडे पाहत होती. आभार मानावेत की तोंड लपवावे, हे तिला ठरवता येत नव्हते. तिने ती वाटी पदराखाली घेतली.

"बाला," ती शेवटी म्हणाली, "आता तिला जेवाया चालंल ना? का आजून न्हाय?"

प्रीतमला हा प्रश्न समजायला वेळ लागला. गेले कितीतरी तास त्याच्या मनात रुचिताच्या पोटाला एकच अर्थ उरला होता, धोक्याचा. ते भुकेले असेल हे त्याच्या लक्षातच आले नव्हते.

"चालेल," तो म्हणाला. "आता जेवू द्या त्यांना. तेलकट नको."

जनी लगबगीने उठली. पिशवीतून फडक्यात बांधलेल्या तांदळाच्या भाकऱ्या काढल्या, त्या परेशसाठी आणल्या असाव्यात, आणि डब्यातली माठाची भाजी. खाटेच्या कडेला बसून तिने सुनेच्या पाठीवर हात ठेवला. "ऊठ गो. दोन घास खा. रागाव माज्यावर, पन खा."

रुचिता मग उठून बसली. तिने प्रीतमकडे पाहिले नाही. त्या दिवशी नाही, आणि तो पुढे जवळून गेला तेव्हाही नाही. सकाळची ती नजर, आपल्या माणसाकडे पाहण्याची, ती आता कुठेच नव्हती, आणि ती परत मागण्याचा त्याला हक्क नव्हता. सासूने मोडून दिलेला भाकरीचा तुकडा तिने घेतला, भाजीला लावला, तोंडात घातला. ती भरभर, चिडून खाऊ लागली, गालांवरचे पाणी पुसायचेही भान न ठेवता. प्रीतमने जायला हवे होते. तो गेला नाही. घास चावला जात होता, आणि मग तिचा गळा हलला, किंचित वर गेला, खाली आला. अन्न आपल्या वाटेने गेले, आणि श्वास आपल्या वाटेने आला. पुन्हा घास. पुन्हा तो गळा. आपण श्वास रोखून धरला आहे, हे प्रीतमला तेव्हा कळले.